सोडियमच्या थरातून खाली उतरणारी उष्णता आणि धूळ: स्टारफायर नोंदींचे प्रकरण

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कजवळ, कर्टलंड हवाई तळाच्या आवारात, स्टारफायर ऑप्टिकल रेंज ही वेधशाळा आहे. तिथल्या ३.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला १९९८ ते २००० या काळात इलिनॉय विद्यापीठाचा सोडियम लायडार, म्हणजे लेझरचा प्रकाश वर सोडून सोडियमच्या अणूंवरून परतलेल्या प्रकाशातून वरची हवा मोजणारे उपकरण, जोडला होता. सगळ्या ऋतूंत विखुरलेल्या सुमारे ३७० तासांच्या नोंदी त्यातून जमा झाल्या. ८५ ते १०० किलोमीटर उंचीवरच्या हवेचे तापमान, उभ्या वाऱ्याचा वेग आणि सोडियमच्या अणूंची घनता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी मोजलेल्या, हे या नोंदींचे वैशिष्ट्य. उल्कांच्या धुळीतून सुटलेल्या सोडियमचा या उंचीवर एक विरळ थर असतो. चेस्टर गार्डनर आणि अॅलन लिउ या वातावरण-संशोधकांनी त्यांतून एक प्रश्न तडीस नेला: या उंचीवर गुरुत्व लहरी किती उष्णता आणि किती द्रव्य खाली उतरवतात?

या लहरी हवेतल्या आहेत. हिंगोली जिल्ह्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियाचा संबंध ज्या गुरुत्वीय लहरींशी आहे, त्या निराळ्या. वातावरणात हवेचा एखादा भाग डोंगरावर आदळून, गडगडाटी ढगातून किंवा वेगवान झोतवाऱ्याच्या काठावर वर ढकलला गेला, की भोवतालापेक्षा जड झाल्यामुळे तो खाली येतो, तोल चुकून आणखी खाली जातो आणि हलका झाल्याने पुन्हा वर येतो. विहिरीत दाबून सोडलेली रिकामी घागर जशी वरखाली होत राहते तसे हे दोलन. मध्यांबरात, म्हणजे सुमारे ५० ते ८५ किलोमीटर उंचीच्या थरात, त्याचा सर्वांत छोटा आवर्तकाल सुमारे ५ मिनिटांचा. मोठा कित्येक तासांचा असू शकतो.

लहर वर चढते तशी हवा विरळ होत जाते. ९० किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या घनतेच्या साधारण साडेतीन लाखाव्या भागाइतकी असते. लहरीची ऊर्जा टिकून राहिली तर तिचा आयाम घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे सुमारे ६०० पट वाढायला हवा. खाली सेंटिमीटर-प्रतिसेकंदात मोजावी लागणारी हालचाल वर काही मीटर-प्रतिसेकंदाची होते. इतका आयाम हवेला पेलत नाही. लहर फुटते, विरते, आणि जे काही वाहून आणले ते तिथेच टाकते. संवेगाच्या बाबतीत ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत आली आहे: उन्हाळ्यातल्या ध्रुवावर मध्यस्तब्धी (मध्यांबराची वरची सीमा) सूर्यप्रकाशात असूनही पृथ्वीवरची सर्वांत थंड जागा ठरते, ती लहरींनी टाकलेल्या संवेगातून चालणाऱ्या अभिसरणामुळे. उष्णता आणि रसायनांच्या वहनाकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले, कारण ते मोजणे फार अवघड आहे.

नुसती हलणारी लहर काही नेत नाही

प्रकरणाचा गाभा इथे आहे. समजा, हवेचा भाग १ किलोमीटर खाली आला. दाबाने तो ९.५ अंश तापतो. भोवतालचे तापमान उंचीबरोबर किलोमीटरला २ अंशाने घटत असेल, तर खालची हवा मुळातच २ अंशांनी उष्ण आहे. म्हणजे हा भाग भोवतालापेक्षा ७.५ अंश जास्त उष्ण ठरतो. तितकाच वर गेला तर तितकाच थंड. पण तापमानाचे विचलन सर्वांत मोठे असते ते भाग खालच्या किंवा वरच्या टोकाला असताना, आणि टोकाला उभा वेग शून्य असतो. वेग सर्वांत जास्त मधल्या जागी, जिथे तापमानाचे विचलन शून्य. दोघांच्या कलांत ९० अंशांचे अंतर. म्हणून वेग आणि तापमानाच्या विचलनांचा गुणाकार करून आवर्तकालावर सरासरी घेतली तर उत्तर शून्य. अबाधित लहर जितकी उष्णता खाली आणते तितकीच वर परत नेते.

लहर विरायला लागली की हिशेब बिघडतो. खाली आलेला उष्ण भाग फुटत्या लहरीच्या खळबळीमुळे भोवतालाला उष्णता देऊन बसतो. परत वर निघतो तेव्हा तो येतानाच्या मानाने थंड असतो. वर गेल्यावर उलट: थंड भाग भोवतालाकडून उष्णता घेतो आणि ती घेऊन खाली येतो. दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत निव्वळ उष्णता खालच्या दिशेनेच जाते. रिचर्ड वॉल्टरशीड यांनी १९८१ मध्ये ही गोष्ट सैद्धांतिक गणिताने मांडली होती.

द्रव्याचेही तेच, पण तिथे आणखी एक वाट आहे. सोडियमचे हवेतले प्रमाण थराच्या खालच्या बाजूला उंचीबरोबर वाढत जाते. वरून उतरलेल्या भागात भोवतालापेक्षा जास्त सोडियम असते. तो खाली असताना त्यातला काही वाटा मिसळून गेला, तर निव्वळ सोडियम खाली उतरले. मिसळला नाही तरी रसायनक्रिया तेच काम करू शकते. खाली आल्यावर तापमान आणि घनता बदलते, सोडियम आणि ओझोन, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड यांच्या साखळीतून सोडियम बायकार्बोनेट बनण्याचा तोल बदलतो आणि भाग परत निघतो तो वेगळ्या मिश्रणासह. अशा वेळी लहर अजिबात फुटली नसली तरी रासायनिक वहन होते. अणुरूप ऑक्सिजनच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे आहे. १०० किलोमीटरच्या वर अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटून तो बनतो. खाली, दाट हवेत अणू पुन्हा जोडले जातात तेव्हा प्रत्येक जोडणीला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ऑक्सिजन खाली उतरणे हे साठवलेली सूर्याची ऊर्जा खाली उतरणे आहे.

मोजणी

लायडारचा लेझर सोडियमच्या डी-२ रेषेवर, म्हणजे सोडियमचा अणू शोषतो त्या ठराविक पिवळ्या प्रकाशावर, निर्वातातल्या ५८९.१५८ नॅनोमीटरवर चालवतात. उल्कांच्या धुळीतून सुटलेले सोडियम ८० ते १०५ किलोमीटरच्या पट्ट्यात, ९० च्या आसपास सर्वाधिक, घनसेंटिमीटरला काही हजार अणू इतक्या विरळ प्रमाणात असते. पण या रेषेवरचा प्रकाश ते इतक्या जोमाने विखुरते की परतीचे फोटॉन मोजता येतात.

तापमान आणि वारा दोन्ही रेषेच्या आकारातून काढायचे. २०० केल्विनला अणूंच्या उष्णताजन्य हालचालींमुळे रेषा साधारण १ गिगाहर्ट्झ रुंद होते. तापमान वाढले की रुंदी वाढते. उभा वारा असेल तर सगळी रेषा सरकते: दर मीटर-प्रतिसेकंदाला १.७ मेगाहर्ट्झ. यासाठी तीन वारंवारता पुरतात. एक रेषेच्या शिखरावर, दुसऱ्या दोन तिच्या ६३० मेगाहर्ट्झ वर आणि खाली. मूळ लेझर सोडियमच्या बाष्पाच्या कुपीतील अतिसूक्ष्म खुणेवर कुलूपबंद करतात आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने प्रकाशाची वारंवारता बदलणाऱ्या मॉड्युलेटरने उरलेल्या दोन मिळवतात. तिन्हींवर आळीपाळीने लेझर सोडून परतीचे फोटॉन मोजले, की बाजूच्या दोन्हींची बेरीज भागिले शिखर हे गुणोत्तर तापमान सांगते आणि त्यांची वजाबाकी भागिले शिखर हे गुणोत्तर वारा. तिन्हींवरच्या एकूण प्रकाशातून सोडियमची घनता मिळते. परतीच्या वेळेवरून उंची कळते. ९० किलोमीटरवरून प्रकाश ०.६ मिलिसेकंदात परततो.

स्टारफायरला दुर्बीण माथ्यावर आणि माथ्यापासून १० अंश झुकवून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा दिशांना फिरवत. आडवा वारा झुकलेल्या दिशांतून मिळतो. उष्णता आणि सोडियमच्या प्रवाहासाठी मात्र माथ्यावरच्या नोंदी लागतात. नोंद दीड मिनिटाची, उंचीतला टप्पा अर्ध्या किलोमीटरच्या आसपास.

पुढचे काम दिसायला सोपे. प्रत्येक रात्रीच्या, प्रत्येक उंचीवरच्या मालिकेतून सरासरी आणि हळू चालणारा कल काढून टाकायचा. उरलेली विचलने घ्यायची. वेगाचे विचलन गुणिले तापमानाचे विचलन, सगळ्या नोंदींवर सरासरी: हा उष्णतेचा प्रवाह, एकक केल्विन-मीटर प्रतिसेकंद. वेगाचे विचलन गुणिले घनतेचे विचलन: हा सोडियमचा प्रवाह. उणे चिन्ह म्हणजे खाली.

आकडे बोलतात, पण ओरडत नाहीत

वेगाची विचलने ढोबळमानाने २.५ मीटर-प्रतिसेकंद, तापमानाची ७ केल्विन धरू. दोघांचा गुणाकार १७.५. जो प्रवाह शोधायचा तो उणे २ च्या आसपास. म्हणजे दोन्ही मालिकांतला सहसंबंध जेमतेम उणे ०.११. एखाद्या रात्रीचा आलेख पाहून तो कुणालाच दिसणार नाही. एका तासाच्या नोंदीतून काढलेला प्रवाह उणे दहा येऊ शकतो आणि पुढच्या तासाचा अधिक आठ, दोन्ही निरर्थक.

किती नोंदी पुरेशा? सरासरीतली सांख्यिकीय चूक ही १७.५ भागिले स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येचे वर्गमूळ. दर ५ मिनिटांनी एक स्वतंत्र नमुना मिळतो असे धरले, तर ३७० तासांत ४,४४० नमुने, वर्गमूळ सुमारे ६७, चूक ०.२६. उणे २ वर ०.२६ ही १३ टक्के अनिश्चितता झाली. ठीक आहे. पण हेच आकडे ऋतूंत वाटले, की प्रत्येक वाट्याला शंभरेक तासांपेक्षा कमी येतात आणि चूक दुप्पट होते. उंचीतल्या लगतच्या काही टप्प्यांची सरासरी घेऊन ती थोडी खाली आणता येते, पण लहरींची उभी लांबी कित्येक किलोमीटर असल्याने लगतचे टप्पे एकमेकांपासून खरे स्वतंत्र नसतात. दहा-वीस तासांच्या मोहिमेतून उष्णतेचा प्रवाह मोजल्याचा दावा वाचनात आला, तर आधी हा भागाकार करून पाहावा.

ही चूक निदान दोन्ही बाजूंना सारखी पडते. एकाच बाजूला ढकलणाऱ्या चुका जास्त घातक.

पहिली, दुर्बीण तिरकी असणे. दुर्बीण माथ्यापासून १ अंश जरी कललेली असली आणि त्या दिशेने ६० मीटर-प्रतिसेकंदाचा आडवा वारा असला, तर त्याचा सुमारे १ मीटर-प्रतिसेकंद वाटा उभा वारा म्हणून नोंदला जातो. आडव्या वाऱ्यातल्या लहरींचा तापमानाशी स्वतःचा संबंध असतो. तो सरळ प्रवाहात मिसळतो.

दुसरी, लेझरची वारंवारता घसरणे. कुलूप २ मेगाहर्ट्झने सरकले की उभ्या वाऱ्यात १.२ मीटर-प्रतिसेकंदाची चूक येते. शिवाय सतत चालणाऱ्या मूळ लेझरपासून जोरदार स्पंद बनवताना स्पंदाची वारंवारता मूळ लेझरपेक्षा किंचित वेगळी होते. ही चूक स्थिर असेल तर रात्रीची सरासरी शून्यावर आणून ती घालवता येते. मध्य अक्षांशांवर खरा सरासरी उभा वारा सेंटिमीटर-प्रतिसेकंदाच्या घरातला असतो, त्यामुळे या सरासरी वजा करण्याने काही हरवत नाही. मात्र चूक रात्रभरात हळूहळू सरकत असेल आणि तापमानही वातावरणातल्या भरतीच्या (सूर्याच्या उष्णतेने रोज उठणाऱ्या) लहरीने हळूहळू सरकत असेल, तर दोन सरकण्यांचा गुणाकार खोटा प्रवाह बनवतो. मालिकेतून केवळ सरासरी न काढता कलही काढतात तो याचसाठी.

तिसरी चूक फोटॉनच्या मोजणीतली, आणि तीच सर्वांत फसवी. तापमान आणि वारा दोन्ही त्याच तीन मोजण्यांतून काढलेले असतात. दोन्ही गुणोत्तरांच्या छेदात शिखरावरची तीच संख्या असते. ती संख्या योगायोगाने थोडी जास्त आली तर दोन्ही गुणोत्तरे एकदम बदलतात, आणि हवेत काहीही न घडता दोघांत सहसंबंध दिसतो. नोंदी कितीही वाढवल्या तरी हा पूर्वग्रह जात नाही. सरासरी फक्त चुकीच्या आकड्यावर अधिक ठाम होत जाते. जुना उपाय म्हणजे फोटॉनच्या संख्येवरून या पूर्वग्रहाचा अंदाज काढून तो वजा करणे. २०२० मध्ये गार्डनर आणि शिंझाओ चू यांनी जास्त सरळ वाट दाखवली: एकाआड एक नोंदी दोन गटांत वाटायच्या, वारा एका गटातून काढायचा, तापमान दुसऱ्यातून. दोन गटांतले फोटॉन वेगळे, म्हणून त्यांचा गोंगाट एकमेकांशी बांधलेला नसतो, आणि गुणाकाराच्या सरासरीत तो आपोआप मरतो. किंमत एवढीच की प्रत्येक गटाला निम्मे फोटॉन मिळतात. ही पद्धत विचलनांच्या वर्गसरासरीलाही लागू पडते, आणि आमच्या मते नव्याने लायडारचे काम हाती घेणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

आणखी दोन किरकोळ पण नेहमीच्या अडचणी आहेत. लेझरचा किरण फार बारीक ठेवला तर त्या जागेतले सोडियम संपृक्त होते आणि परतीचा प्रकाश रेषेचा खरा आकार दाखवत नाही. १ मिलिरेडियन फैलाव ठेवला तर ९० किलोमीटरवर ठिपका ९० मीटरचा होतो आणि ही अडचण बरीच कमी होते. दुसरी, अचानक उमटणारे दाट, पातळ सोडियम थर. काही मिनिटांत घनता कित्येक पट होते आणि एकच असा प्रसंग महिन्याभराच्या सोडियम-प्रवाहावर स्वार होतो. अशा नोंदी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि त्या काढण्याचा निकष निकाल पाहण्याआधी ठरवलेला असावा.

उष्णतेचा हिशेब

स्टारफायरच्या नोंदींत उष्णतेचा प्रवाह सरासरीने खालच्या दिशेने निघाला. त्याला सहा महिन्यांची स्पष्ट लय होती: हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सर्वांत जोरदार, वसंतात आणि शरदात जवळपास शून्य.

प्रवाहावरून तापमानातला बदल काढताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. हवेची घनता उंचीबरोबर झपाट्याने घटते, म्हणून प्रवाह सगळ्या उंचीवर सारखा असला तरी तापमान बदलते. बदलाचा दर दोन भागांचा बनतो: प्रवाहाचा उंचीनुसार असलेला उतार, उलट चिन्हाने, आणि प्रवाह भागिले घनतेची प्रमाण उंची (जेवढे वर गेल्यावर घनता सुमारे एक-तृतीयांशावर येते तेवढे अंतर). मध्यस्तब्धीजवळ ती प्रमाण उंची सुमारे ६ किलोमीटर. प्रवाह सर्वत्र उणे २ असेल, तर दुसराच भाग उरतो: उणे २ भागिले ६,०००, म्हणजे सेकंदाला उणे ०.०००३३ केल्विन, दिवसाला उणे २९ केल्विन. कार्बन डायऑक्साइडच्या अवरक्त उत्सर्जनाने या भागात होणाऱ्या थंडीच्या जवळपासचा हा आकडा आहे. याचा अर्थ, लहरींनी खाली नेलेली उष्णता हा या उंचीवरच्या तापमानाच्या जमाखर्चातला मोठा खर्च आहे.

जिथे प्रवाह ओसरतो तिथे ती उष्णता जमा होते. समजा ८८ किलोमीटरला उणे २ आणि ८५ ला उणे १. उताराचा भाग दिवसाला अधिक २९ केल्विन, प्रमाण उंचीचा भाग सरासरी उणे १.५ धरून उणे २२. निव्वळ अधिक ७. वर २९ अंशांची थंडी, खाली ७ अंशांची ऊब. खालची हवा जास्त दाट असल्याने तीच ऊर्जा तिथे कमी अंश चढवते.

मात्र या थंडीच्या आकड्याकडे एकटे पाहू नये. विरणारी लहर स्वतःची ऊर्जाही उष्णतेच्या रूपात तिथेच सोडते. चिलेमधल्या सेरो पाचोन पर्वतावरच्या अँडीज लायडार वेधशाळेत, सुमारे २,५०० मीटर उंचीवर, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात लहरींपेक्षा खूप लहान, प्रक्षोभाच्या, म्हणजे भोवऱ्यांच्या खळबळीच्या, पातळीवरची हालचाल प्रथमच लायडारने मोजली गेली. तिथे ऊर्जा विरण्याचा दर किलोग्रॅमला सुमारे ३७ मिलिवॉट निघाला. हवेच्या विशिष्ट उष्णतेने भागले तर दिवसाला सुमारे ३ केल्विनची ऊब. प्रक्षोभाच्या हिशेबात न येणाऱ्या इतर वाटांनी मिळणारी ऊब त्यात धरलेली नाही. थंडीतून ही ऊब वजा करूनच निव्वळ परिणाम सांगायला हवा. संशोधनलेखांच्या सारांशांत कधीकधी फक्त मोठा आकडा पुढे येतो.

त्याच चिली कामातून दुसरा उपयोगी आकडा मिळाला: प्रक्षोभामुळे होणाऱ्या उष्णतेच्या मिसळणीचा गुणांक, सेकंदाला सुमारे ४३ चौरस मीटर. आता स्टारफायरचा लहरींचा प्रवाह याच भाषेत लिहून पाहू. उणे २ ला ७.५ अंश-प्रतिकिलोमीटर या स्थिरतेच्या मापाने भागले, तर सेकंदाला सुमारे २७० चौरस मीटर येतात. प्रक्षोभाच्या सहापट. लहरी आणि प्रक्षोभ ही एकच गोष्ट नव्हे, आणि दोन वेधशाळांचे आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी हवी. तरी फरकाचा क्रम चुकवण्याइतका लहान नाही.

सोडियमचा हिशेब: आकाशातून दिवसाला किती धूळ पडते

हाच या प्रकरणाचा अनपेक्षित भाग. थरातले सोडियम खाली जाऊन संपत राहते आणि तरी थर टिकून असतो, म्हणजे वरून तेवढेच सोडियम येत असले पाहिजे. ते येण्याचा स्रोत एकच, अवकाशातली धूळ. म्हणून थरातून खाली जाणारा प्रवाह मोजला की धुळीचा भार मोजला जातो.

२०१४ मध्ये गार्डनर, लिउ, डॅनियल मार्श, वुहू फेंग आणि जॉन प्लेन यांनी स्टारफायरचा प्रवाह आणि वातावरणाचे जागतिक प्रतिमान (संगणकावरचे मॉडेल) जोडून पृथ्वीची सरासरी काढली: दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला १६,१०० अणू, ३,२०० च्या अनिश्चिततेसह. हा आकडा वाचकाला स्वतः पडताळता येतो. ९० किलोमीटर उंचीवरच्या गोलाचे क्षेत्रफळ ५.२५ गुणिले १० चा १८ वा घात चौरस सेंटिमीटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार करून अॅव्होगाड्रो संख्येने भागले तर १२,१०० मोल. सोडियमचा अणुभार २३. उत्तर, दिवसाला सुमारे २७८ किलो सोडियम. आदिम उल्काद्रव्यात सोडियम वजनाने साधारण अर्धा टक्का असते, म्हणून धूळ दिवसाला ६० टनांच्या आसपास. त्यांनी दिलेली मर्यादा ६० अधिक-उणे १६ टन. त्याआधी वेगवेगळ्या पद्धतींनी निघालेले अंदाज दिवसाला ५ ते २७० टन इतके पसरलेले होते. दोन वर्षांनी कारियो-सांचेझ आणि सहकाऱ्यांनी धुळीच्या स्रोतांकडून उलट हिशेब मांडून ४३ अधिक-उणे १४ टन हा आकडा काढला. दोन्ही मर्यादा एकमेकींवर येतात.

प्रवाहातून थराच्या वागण्याचाही अंदाज बांधता येतो. घनसेंटिमीटरला ४,००० अणू असतील, तर १६,१०० चा प्रवाह म्हणजे सेकंदाला ४ सेंटिमीटरची उतरण, दिवसाला साडेतीन किलोमीटर. थराच्या एका चौरस सेंटिमीटरच्या स्तंभात सुमारे ४ अब्ज अणू असतात. भागाकार केला तर सगळा थर जेमतेम तीन दिवसांत नवा होतो. खाली ८५ किलोमीटरच्या आसपास सोडियमचे बायकार्बोनेट होते, ते उल्काधूराच्या (उल्कांच्या बाष्पातून गोठलेल्या अतिसूक्ष्म) कणांत मिसळते आणि कालांतराने हिवाळी ध्रुवाकडे उतरते.

सोडियमचाच वापर का, लोहाचा का नाही? सोडियम सहज बाष्प होणारे द्रव्य आहे. मंद गतीने येणाऱ्या बारीक कणांतूनही ते वर सुटते. लोह आणि मॅग्नेशियम सुटायला जास्त तापमान लागते, कॅल्शियमला त्याहून जास्त. कण मंद आणि लहान असेल तर ती त्यातच अडकून राहतात. म्हणजे एकूण वजन काढायला सोडियम बरे, आणि सोडियम व लोहाच्या प्रवाहांचे गुणोत्तर काढले तर कण किती वेगाने आले हेही उमगते. कोलोरॅडोत बोल्डरजवळ लायडारने दोन्ही प्रवाह मोजून असाच निष्कर्ष काढण्यात आला.

प्रतिमानांत काय चुकते

संपूर्ण वातावरणाची जागतिक प्रतिमाने साधारण एक ते दोन अंशांच्या जाळीवर चालतात, म्हणजे शंभर-दोनशे किलोमीटर. उष्णता आणि द्रव्य वाहण्यात सर्वाधिक वाटा असलेल्या, एक तासापेक्षा छोट्या आवर्तकालाच्या लहरींची आडवी लांबी काही दहा किलोमीटर. त्या जाळीतून निसटतात. त्यांचा संवेग निराळ्या सूत्रांनी घातला जातो, कारण त्याशिवाय वारे चुकतात. उष्णता आणि रसायनांच्या वहनासाठी मात्र बहुतेकदा मिसळणीचा एक गुणांक ठेवतात, आणि तो प्रक्षोभाच्या आकाराचा असतो.

परिणाम सोडियममध्ये लगेच दिसतो. प्रतिमानात वहन मंद, म्हणून सोडियम वरच साचते. निरीक्षणात दिसणारा थर मिळवायला धुळीचा भार मुद्दाम सुमारे पाचपटीने कमी घ्यावा लागतो. धूळ कमी नसते. ती उतरवणारी यंत्रणा प्रतिमानात कमजोर असते. हीच कमजोरी ऑक्सिजनच्या अणूंच्या खाली येण्यात आणि नायट्रिक ऑक्साइडच्या उतरणीतही राहते, फक्त तिथे ती इतकी उघडी पडत नाही.

उपाय म्हणून गार्डनर आणि सहकाऱ्यांनी लहरींच्या वहनाचा गुणांक मोजलेल्या राशींशी, म्हणजे तापमानाची विचलने, स्थिरता आणि प्रक्षोभाचा गुणांक यांच्याशी जोडणारी सूत्रे दिली आहेत. ती वापरताना एक सावधगिरी लागते: रासायनिक वहन प्रत्येक द्रव्यासाठी वेगळे. सोडियमसाठी नीट बसवलेला गुणांक ऑक्सिजनला जसाच्या तसा लावता येत नाही.

एका ठिकाणचे मोजमाप, बाकीची पृथ्वी

स्टारफायर रॉकी पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाजवळ आहे. हिवाळ्यात पर्वतावरच्या लहरी, उन्हाळ्यात मेघगर्जनेच्या. दुसरीकडे हे मिश्रण वेगळे असणार. तोच लायडार पुढे हवाईतल्या माऊई बेटावर हालेआकाला पर्वतावर गेला आणि नंतर अँडीजमध्ये, सेरो पाचोनला. तिन्ही जागा पर्वतावरच्या किंवा पर्वताजवळच्या, हा योगायोग लक्षात ठेवायला हवा. सपाट प्रदेशातल्या, विशेषतः विषुववृत्ताजवळच्या प्रवाहांची अशी मालिका असती तर जागतिक सरासरीसाठी प्रतिमानावर इतके विसंबावे लागले नसते.

भारतात या प्रकारच्या कामाला जागा आहे. आंध्र प्रदेशात गदंकी येथील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेत ५३ मेगाहर्ट्झचा एमएसटी रडार आहे, रेले लायडार आहे आणि सोडियमच्या थराचीही लायडारने निरीक्षणे झाली आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने मध्यम वारंवारतेचा रडार आणि रात्रीच्या आकाशदीप्तीची (वरच्या हवेतून निघणाऱ्या मंद उजेडाची) उपकरणे चालवली. आकाशदीप्ती ९० किलोमीटरच्या आसपासच्या तापमानाची आणि लहरींची आडवी रूपरेषा देते; रडार आडवा वारा देतो. दोन्हींतून लहरींची दिशा, लांबी आणि संवेग काढता येतात. उष्णतेचा प्रवाह निघत नाही, कारण त्यासाठी उभा वेग आणि तापमान एकाच उंचीवर, मिनिट-दीड मिनिटात, तेही निराळ्या फोटॉनमधून हवे. त्याला तीन वारंवारतांचा सोडियम लायडार आणि मोठी दुर्बीण लागते. मॉन्सूनचे ढग रात्री खाऊन टाकतात हे धरून, एका ऋतूसाठी १३ टक्के अनिश्चितता हवी असेल, तर वरच्याच भागाकाराने ३७० तास लागतील, आणि ते निरभ्र रात्रींच्या महिन्यांतूनच काढावे लागतील.